केडगावच्या पंडिता रमाबाई : बरं-वाईट ठरवायचं कशावरून?

मूल्यशिक्षणाच्या तासाला आपण मुलांना खरं बोला, दया करा, वडीलधाऱ्यांचं ऐका असं सांगतो. मुलं मान डोलावतात. अडचण येते ती ही तीन मूल्यं एकमेकांच्या आड आली की. खरं बोललं तर कुणाचं नुकसान होतं, वडिलांचं ऐकलं तर दुसऱ्यावर अन्याय होतो, मग काय करायचं? नीतिशास्त्र नावाचा विषय तिथूनच सुरू होतो, आणि तो समजावायला ग्रीसपासून सुरुवात करायची गरज नाही.

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे निघालात की पारगावला भीमा ओलांडून तुम्ही दौंड तालुक्यात येता. चौफुल्याजवळ पुणे-सोलापूर रस्ता लागतो आणि तिथून जवळच केडगाव आहे. पुणे-दौंड लोहमार्गावरचं हे स्टेशन जगभरच्या लोकांना एका बाईमुळे माहीत झालं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथलंच. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांचं नाव समाजसुधारकांच्या यादीत एका ओळीत येतं. मला वाटतं, नीतीचे जेवढे म्हणून सिद्धांत आहेत ते सगळे या एका आयुष्यावर घासून पाहता येतील. आणि गंमत अशी की प्रत्येक सिद्धांत थोडा चमकतो आणि थोडा उघडा पडतो.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळ इथल्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांनी पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. बाईला संस्कृत शिकवणं हा त्या काळी अपराधच. त्याबद्दल त्यांना पंडितांपुढे जाब द्यावा लागला आणि त्यांनी तो शास्त्राचे आधार देऊनच दिला. पुढे आईने लहानग्या रमेला शिकवलं. भागवताचे हजारो श्लोक तिला पाठ झाले.

आता इथे थांबून बघा. अनंतशास्त्री बंडखोर होते का? मुळीच नाही. ते नियम पाळणारे होते. स्त्रीला शिकवू नये असा नियम शास्त्रात नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. नियमाला, कर्तव्याला चिकटून राहणारा हा माणूस. असं वागणं म्हणजे कर्तव्यवाद, असं ढोबळमानाने म्हणता येईल. जर्मन तत्त्वज्ञ कांट याचा मोठा पुरस्कर्ता. त्याचं सांगणं थोडक्यात असं, की कृती चांगली की वाईट हे तिच्या फळावरून ठरत नाही. ज्या नियमाने तुम्ही वागता तो सगळ्यांनी पाळावा असं तुम्ही मनापासून म्हणू शकता का, एवढंच पाहायचं. शिवाय दुसऱ्या माणसाला कधीही नुसतं साधन म्हणून वापरायचं नाही. (कांटचा नियम बुद्धीने तपासलेला, शास्त्रीबुवांचा शास्त्राने दिलेला, हा फरक मात्र लक्षात ठेवा.)

नियमाचं बळ तुम्हाला या घरात दिसतं. सगळा गाव विरोधात गेला तरी माणूस हलत नाही. पण त्याची दुसरी बाजूही याच घराने भोगली. तीर्थयात्रा, पुराण सांगणं, दानधर्म यात असलेलं सगळं संपलं आणि १८७० च्या दशकातल्या दुष्काळात हे कुटुंब सापडलं. ब्राह्मणाने मोलमजुरी करायची नाही, हा नियम. भीक मागायची सवय नाही. पानं खाऊन दिवस काढले, पण मजुरीला हात लावला नाही. शेवटी पवित्र तळ्यात देह ठेवावा इथपर्यंत वडिलांचं मन गेलं, तेव्हा मुलगा श्रीनिवास मजुरी करायला तयार झाला. तोवर उशीर झाला होता. वडील गेले, आई गेली, मोठी बहीण गेली. नियम कुणासाठी आहे हे विचारायचं राहून गेलं की काय होतं, ते रमाबाईंनी विशीच्या आत पाहिलं. त्यांच्या पुढच्या प्रत्येक निर्णयामागे ही भूक उभी आहे, असं मला वाटतं.

बहीण-भाऊ पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेतली आणि पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. ते जातीने शूद्र मानले जात, म्हणजे त्या काळच्या मापाने हा दुहेरी धक्का. १८८१ मध्ये मुलगी झाली, मनोरमा. १८८२ मध्ये पतीचं पटकीने निधन झालं. तेवीस वर्षांच्या वयात विधवा, पदरात तान्ही मुलगी, आणि मग पुणे.

पुण्याने त्यांचं स्वागत केलं. १८८२ मध्ये आर्य महिला समाज स्थापन झाला. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई रानडे तिथे येऊ लागल्या. (विद्यार्थी दोन रमाबाईंची हमखास गल्लत करतात, तेवढं फळ्यावर लिहून ठेवा.) हंटर आयोगापुढे रमाबाईंनी साक्ष दिली. स्त्री शिक्षिका हव्यात, स्त्री डॉक्टर हव्यात, असं त्यांनी मराठीतून सांगितलं. त्याच वर्षी त्यांचं पुस्तक आलं, स्त्रीधर्मनीति. नावातच नीती आहे. हे पुस्तक आज वाचलं तर बरंच सौम्य, उपदेशपर वाटतं. बायकांनी शिकावं, स्वावलंबी व्हावं, घर नीट सांभाळावं असा सूर. पण त्याच पुस्तकाच्या पैशातून त्यांनी इंग्लंडचं भाडं जमवलं.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वैद्यकीचं शिक्षण घ्यायचा बेत होता, पण ऐकू कमी येत असल्यामुळे तो सोडावा लागला. सप्टेंबरमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यात वादळ उठलं. ज्यांनी डोक्यावर घेतलं होतं त्यांनाच फसवल्यासारखं वाटलं. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ च्या सत्सार मध्ये त्यांची बाजू घेतली. धर्म बदलल्यावर रमाबाई तिथे आज्ञाधारक शिष्या झाल्या असंही नाही. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या शिकत होत्या आणि संस्कृतही शिकवत होत्या. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवू नये असं बिशपांनी म्हटलं, तेव्हा त्यांनी ते निमूट ऐकून घेतलं नाही. चर्चच्या काही मूळ सिद्धांतांवरही त्यांनी प्रश्न उभे केले. सद्सद्विवेक आपला आपल्याजवळ, तो ना पुण्याकडे गहाण ना वाँटेजकडे, असा त्यांचा बाणा.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथेच राहून हिंदू विधवांच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिलं. १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. विधवा मुलींच्या शाळेसाठी दहा वर्षं पैसा द्यायचा, आणि शाळेत कोणत्याही धर्माची शिकवण द्यायची नाही, हे ठरलं. हा शब्द लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यावर आहे.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. मुली आपापल्या जातीचे आचार पाळू शकत. सल्लागार मंडळात रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं. पहिली विधवा विद्यार्थिनी होती गोदूबाई. सगळं ठीक चाललं होतं. पण रमाबाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करत, बायबल वाचत, आणि खोलीचं दार उघडं असे. काही मुली येऊन बसू लागल्या. रमाबाईंनी त्यांना बोलावलं नाही, पण घालवलंही नाही. केसरीने झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांनी राजीनामा दिला, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

आता हा प्रसंग आठवी-नववीच्या वर्गापुढे ठेवा. किंवा शिक्षक परिषदेत आपणच मांडून बघा, मोठ्यांतही तास सहज जातो. प्रश्न एवढाच, दार उघडं ठेवणं बरोबर होतं का?

कर्तव्यवादी विचारेल, शब्द दिला होता ना? धर्म शिकवणार नाही हा शब्द. मग रमाबाईंनी तो मोडला का? शिकवलं तर नाही. पण ज्यांच्या घरी कुणी विचारत नाही अशा बारा-पंधरा वर्षांच्या मुलींसमोर, त्यांचा सगळा आधार असलेली बाई रोज प्रार्थना करते, याला शिकवणं म्हणायचं की नाही? नियमाचं हेच आहे. तो स्पष्ट वाटतो, आणि नेमका कसोटीच्या वेळी त्याचे दोन अर्थ निघतात. कांटची युक्ती मात्र इथे फार उपयोगी पडते. धर्मांची अदलाबदल करून बघा. समजा अनाथ ख्रिस्ती मुलींचं वसतिगृह एखाद्या हिंदू बाई चालवतात, धर्म न शिकवण्याचा शब्द दिलाय, आणि रोज सकाळी देवघराचं दार उघडं ठेवून आरती करतात. आपलं उत्तर तेच राहतं का? वर्गात सगळ्या धर्मांची मुलं असतात, तेव्हा हा प्रश्न आधी विचारावा आणि मगच रमाबाईंकडे यावं. नाहीतर चर्चा नीतीची न राहता आपण विरुद्ध ते अशी होते.

परिणामवादी वेगळं विचारेल. इंग्लंडात बेंथम आणि त्यानंतर मिल यांनी हा विचार मांडला. जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख ज्यात, ते योग्य. याचं मोठेपण हे की तो सोवळंओवळं बघत नाही. राणीचं दुःख आणि मोलकरणीचं दुःख एकाच तराजूत. बालविधवेच्या दुःखाची मोजदाद आपल्याकडे कुणी करत नव्हतं, तेव्हा ही दृष्टी फार मोलाची होती. आगरकरांच्या लिखाणात तिचा ठसा जागोजागी दिसतो. मग मोजा. दार लावलं असतं तर? वाद झाला नसता, मुली राहिल्या असत्या, आणखी पालकांनी मुली पाठवल्या असत्या. एका दारापायी कितीजणींचं शिक्षण थांबलं! हिशेब रमाबाईंच्या विरुद्ध जातो असं वाटतं.

पण हिशेब कुठे थांबवायचा? त्याच १८९३ च्या मार्चमध्ये गोदूबाईंचं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं, त्या आनंदीबाई झाल्या. १८९६ मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला गेला. धर्मांतराची शंका येणार नाही अशी संस्था हवी, हे पुण्याला शारदा सदनच्या वादाने चांगलंच पटवलं होतं. म्हणजे त्या वादाचं एक फळ असंही निघालं. हे १८९३ मध्ये कुणाला दिसणार होतं? परिणामवादाची खरी दुखरी जागा हीच. निर्णय आज घ्यायचा आणि जमाखर्च तीस वर्षांनी कळणार. दुसरी दुखरी जागा आणखी वाईट. बेरीज चांगली येते म्हणून एखाद्याचा सद्सद्विवेक दाबायचा का? स्वतःच्या खोलीत प्रार्थना करायचा हक्क बहुमताच्या सुखासाठी सोडायचा, हे मिललाही आवडलं नसतं. स्वातंत्र्यावर त्याने स्वतंत्र पुस्तकच लिहिलंय.

तिसरी वाट ॲरिस्टॉटलची. कृती बाजूला ठेवा, माणूस कसा आहे ते बघा. धैर्य, न्यायबुद्धी, संयम अंगी मुरलेत का? आपल्या गोष्टी, चरित्रं, आजीचे संस्कार सगळे याच वाटेचे. रमाबाईंनी चोरून काही केलं नाही. दार उघडं होतं ते सगळ्यांना दिसावं असंच. बंद दाराआड एकेका मुलीला बोलावणारी ती बाई नव्हती. पण दुसऱ्या बाजूला कोण होतं? रानडे आणि भांडारकर, पुण्यातली सगळ्यांत सचोटीची माणसं. सज्जन माणसं समोरासमोर उभी राहिली की सद्गुणांचा सिद्धांत गप्प बसतो. शिवाय सद्गुणी माणूसही चुकतो. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते रानडे १८७३ मध्ये पहिली पत्नी गेल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे नमले आणि विधवेशी लग्न न करता अकरा वर्षांच्या मुलीशी त्यांनी लग्न केलं. वडिलांचा शब्द मोठा की स्वतःचं तत्त्व? तोही एक तास होईल.

टिळकांचं नाव इथे टाळता येणार नाही. केसरीतून रमाबाईंवर सगळ्यांत कडक टीका त्यांनी केली. पुढे मंडालेच्या तुरुंगात त्यांनी गीतारहस्य लिहिलं, ते १९१५ मध्ये छापलं गेलं. मिल, कांट आणि इतर पाश्चात्त्य नीतिशास्त्रज्ञ यांची गीतेशी इतकी तपशिलात तुलना मराठीत त्याआधी झाली नव्हती. नुसत्या बाह्य सुखाच्या बेरजेवर नीती ठरत नाही, करणाऱ्याची बुद्धी शुद्ध आहे का हे आधी पाहिलं पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष. ही कसोटी शारदा सदनच्या उघड्या दाराला लावली तर काय उत्तर येतं? माझं मत सांगतो. रमाबाईंची बुद्धी शुद्ध होती, पण पालकांना शब्द देताना त्यांनी उघड्या दाराबद्दलही आधीच स्पष्ट बोलायला हवं होतं. तुमचं मत वेगळं असेल तर वर्गात तेही मांडा.

आता केडगाव. १८९६ चा पाऊस गेला आणि दुष्काळ पडला. आपल्या शिरूर-दौंडच्या लोकांना दुष्काळ म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. इथल्याच शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने १८७४ मध्ये सावकारावर बहिष्कार टाकला आणि पुढच्या वर्षी सुप्याला दंगा झाला, तो याच कोरडवाहू पट्ट्यात. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. रस्त्याकडेची भुकेली माणसं, मदत छावण्या, आणि त्यात एकट्या पडलेल्या मुलींवर टपलेले दलाल हे त्यांनी पाहिलं. वीस वर्षांपूर्वीची स्वतःची भूक आठवली असणारच. त्या मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचं वातावरण होतं, एवढ्या मुली शहरात ठेवायला परवानगी नव्हती. केडगावला आधीच घेतलेली जमीन होती. तिथे तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या, विहिरी खणल्या. तीनशेच्या आसपास मुली जमल्या. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि आकडा दीड हजाराच्या वर गेला.

ही कृती कोणत्या सिद्धांतात बसवायची? परिणामवादी म्हणेल, तोच पैसा छावण्यांना धान्यासाठी दिला असता तर जास्त जीव वाचले असते. कर्तव्यवादी म्हणेल, मुलींनाच का, सगळे भुकेले सारखेच. दोघांचंही चुकत नाही. पण समोर बसलेल्या पोरीचा हात धरणाऱ्या बाईला हे हिशेब सुचत नाहीत. १९८० च्या दशकात अमेरिकेत कॅरोल गिलिगन आणि नेल नॉडिंग्ज यांनी याला सिद्धांताचं रूप दिलं. मराठीत जपणुकीची नीती म्हणता येईल. नीतीची सुरुवात नियमातून होत नाही, कुणीतरी कुणावर अवलंबून आहे या नात्यातून होते, असं त्या सांगतात. आईपण करणाऱ्या प्रत्येकाला, आणि बालवाडीच्या ताईला, हे शिकवावं लागत नाही.

केडगावात जपणूक म्हणजे नुसतं जेवण नव्हतं. शाळा, शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना. अंध मुलींसाठी वेगळी सोय. १८९९ मध्ये कृपा सदन निघालं, समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी. मुलीने स्वतःच्या पायावर उभं राहावं हा हेतू. मजुरीला हात न लावता उपाशी मेलेल्या घरातली लेक, ती दोन हातांच्या कामावर अख्खी वसाहत उभी करते!

पण जपणुकीलाही काळोखी बाजू आहे, ती झाकू नये. ज्याला आपण जपतो त्याच्यावर आपली सत्ता चालते. १८९८ मध्ये अमेरिकेशी झालेला दहा वर्षांचा करार संपला आणि मुक्ती उघडपणे ख्रिस्ती संस्था झाली. दुष्काळातून आणलेल्या लहान मुली त्याच वातावरणात वाढल्या आणि ख्रिस्ती झाल्या. त्यांच्यापैकी कितीजणींना निवड करता आली? दुसरीकडे, त्या आणल्या नसत्या तर निवड करायला जगल्या असत्या का? १८९३ च्या उघड्या दारापेक्षा मला हा प्रश्न जड वाटतो, आणि याचं उत्तर कोणत्याच सिद्धांताकडे पूर्ण नाही. पालक म्हणून आपणही मुलांचं नाव, देव, भाषा, शाळा त्यांना न विचारताच ठरवतो. मनोरमेचा बाप्तिस्मा झाला तेव्हा ती अडीच वर्षांचीही नव्हती.

शेवटची वर्षं रमाबाईंनी एकाच कामाला दिली. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर केलं. संस्कृतची पंडिता असून त्यांनी संस्कृतप्रचुर मराठी मुद्दाम टाळली, खेड्यातल्या बाईला कळेल असं लिहायचं म्हणून. छपाईचं काम केडगावच्याच छापखान्यात मुली करत. पुढे चर्चमध्ये हे भाषांतर फारसं चाललं नाही, दुसरीच भाषांतरं वापरात राहिली. परिणामवादाच्या वहीत या वर्षांपुढे काय लिहायचं ते तुम्हीच ठरवा. १९१९ मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिलं. १९२१ मध्ये मनोरमा गेली. संस्था तिच्या हाती सोपवायची हे ठरलेलं होतं. रमाबाई भाषांतराच्या कामाला परत बसल्या, ते पुरं केलं, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावला त्यांचं निधन झालं.